स्थिरचित्रांचे डिजिटल कथाकथन आणि संपादन सॉफ्टवेअरची निवड

छायाचित्रे, जुनी पत्रे, नकाशे, रेखाचित्रे अशी स्थिर चित्रे क्रमाने मांडून आणि त्यांना निवेदकाच्या आवाजाची जोड देऊन तयार केलेल्या छोट्या चित्रफितीस स्थिरचित्रांचे डिजिटल कथाकथन असे म्हणता येते. कुटुंबाचा इतिहास, गावाची आठवण, शालेय प्रकल्प, वस्तुसंग्रहालयातील माहितीपट अशा अनेक कारणांसाठी हा प्रकार वापरला जातो. त्यासाठी लागणारे संपादन सॉफ्टवेअर बहुधा चलच्चित्रे जोडण्यासाठी घडवलेले असते. स्थिरचित्रांच्या गरजा मात्र निराळ्या असतात. त्यामुळे सॉफ्टवेअरची निवड करताना त्यातील सोयींची संख्या हा निकष पुरेसा ठरत नाही. चित्र किती वेळ दिसावे यावर असणारे नियंत्रण, चित्रावरून नजर फिरवण्याची सोय, निवेदनाचे ध्वनिमुद्रण, देवनागरी अक्षरांची शुद्ध मांडणी आणि तयार झालेल्या कामाचे दीर्घकाळ जतन हे पाच मुद्दे त्यात निर्णायक असतात.

पार्श्वभूमी

चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची रीत छायाचित्रणापेक्षा पुष्कळ जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाच्या कलावंतांनी चित्रकथी ही परंपरा जपली आहे. एका कथेच्या चित्रसंचाला तेथे पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन व बोलून उभा करतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने दीपयंत्राचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर दाखवली जात, त्यांना हालचालीचा आभास दिला जाई आणि सोबत निवेदन व संगीत असे. भारतात चित्रपट रुजण्यापूर्वीच्या या खेळांत चित्र, आवाज आणि क्रम हे तिन्ही घटक एकत्र आलेले दिसतात.

आजच्या अर्थाने डिजिटल कथाकथनाची चळवळ अमेरिकेत सुरू झाली. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे डेना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक केंद्र स्थापन केले. १९९८ मध्ये ते बर्कली येथे हलले आणि 'सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग' या नावाने ओळखले जाऊ लागले. २०१५ पासून त्याचे नाव 'स्टोरीसेंटर' असे आहे. चित्रपटाचे शिक्षण नसलेल्या सामान्य माणसांनी स्वतःच्या आयुष्यातील गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगावी, हा त्या कार्यशाळांचा हेतू होता. त्यापासून प्रेरणा घेऊन बीबीसीने २००१ मध्ये वेल्समध्ये 'कॅप्चर वेल्स' हा उपक्रम हाती घेतला. त्याचे सर्जनशील संचालक छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांनी या कथांना एक आटोपशीर साचा दिला: सुमारे दोन मिनिटे, सुमारे २५० शब्द आणि डझनभर चित्रे.

स्थिर छायाचित्रावर कॅमेरा सावकाश फिरवण्याची पद्धत चित्रपटसृष्टीत रुळलेली होती. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या 'सिटी ऑफ गोल्ड' (१९५७) या माहितीपटात कॉलिन लो आणि वुल्फ केनिग यांनी डॉसन या सोन्याच्या शोधात वसलेल्या शहराची जुनी छायाचित्रे अशा रीतीने दाखवली. अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांनी 'द सिव्हिल वॉर' (१९९०) या मालिकेत हीच पद्धत विस्ताराने वापरली. २००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयमूव्ही या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीत ती आपोआप करण्याची सोय दिली आणि तिला 'केन बर्न्स इफेक्ट' हे नाव दिले. तेव्हापासून ती घरगुती वापरातही आली.

स्थिरचित्रांच्या विशेष गरजा

*कालावधी.* चलच्चित्राला स्वतःची लांबी असते. छायाचित्राला ती नसते. ते पडद्यावर किती वेळ राहावे हे संपादकाने ठरवायचे असते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चित्राला तीन ते पाच सेकंदांचा ठरावीक वेळ आपोआप दिला जातो. सर्व चित्रांना तोच वेळ ठेवल्यास कथेऐवजी छायाचित्रांचा संग्रह पाहिल्यासारखे वाटते. मेडोज यांच्या साच्यात दोन मिनिटांत बारा चित्रे येतात, म्हणजे एका चित्राला सरासरी दहा सेकंद मिळतात. तथापि ही केवळ सरासरी आहे. एखादे चित्र दोन सेकंदांत निघून जाते, तर एखाद्यावर निवेदक वीस सेकंद थांबतो. म्हणून प्रत्येक चित्राचा कालावधी स्वतंत्रपणे, शक्यतो कालरेषेवर ओढून, बदलता येणे ही पहिली आवश्यकता होय.

*चौकट.* आजच्या चित्रफितीची प्रचलित चौकट १६:९ या प्रमाणात, १९२० × १०८० बिंदूंची असते. मोबाइलने काढलेले छायाचित्र बहुधा ४:३ या प्रमाणात असते आणि जुन्या छापील छायाचित्रांची प्रमाणे आणखी वेगळी असतात. अशा वेळी सॉफ्टवेअर तीनपैकी एक मार्ग धरते: कडेला काळ्या पट्ट्या ठेवणे, चित्राच्या कडा कापणे किंवा चित्र ताणणे. ताणलेल्या चित्रात चेहरे बसके दिसतात, म्हणून तो मार्ग त्याज्य आहे. कडा कापल्यास गटछायाचित्रातील टोकाची माणसे नाहीशी होतात. हा निर्णय प्रत्येक चित्रासाठी संपादकाला घेता यावा. सॉफ्टवेअरने तो परस्पर घेऊ नये.

*चलन.* चित्राच्या एका भागापासून दुसऱ्या भागाकडे सरकणे आणि चित्राच्या जवळ जाणे किंवा दूर होणे, या दोन हालचाली स्थिरचित्रांच्या कथेत महत्त्वाच्या असतात. सोप्या सॉफ्टवेअरमध्ये आरंभीची व अखेरची चौकट आखली की मधली हालचाल आपोआप होते. प्रगत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी की-फ्रेम ठरवाव्या लागतात. म्हणजे अमुक क्षणी चित्र कोठे व किती मोठे असावे, याच्या खुणा कालरेषेवर कराव्या लागतात. काही सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला आपल्या मर्जीने हालचाल देते. ती रद्द करता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर या कामास योग्य नाही. निवेदनात आजीचा उल्लेख येत असताना चित्र आजोबांच्या पगडीकडे सरकले, तर प्रेक्षकाचे लक्ष विचलित होते.

चित्राच्या किती जवळ जाता येईल हे त्यातील बिंदूंच्या संख्येवर अवलंबून असते. ५ × ७ इंचांचे एक जुने गटछायाचित्र ६०० डीपीआय घनतेने स्कॅन केल्यास ४२०० × ३००० बिंदूंची प्रतिमा मिळते. १९२० बिंदूंच्या चौकटीत ती सुमारे दुपटीपर्यंत मोठी करता येते. त्यापुढे चित्र धूसर होऊ लागते. तेच छायाचित्र ३०० डीपीआयने स्कॅन केले, तर रुंदी केवळ २१०० बिंदू भरते आणि जवळ जाण्यास जवळजवळ वावच उरत नाही. अर्थात मूळ छपाईत जो तपशील नाही, तो स्कॅनची घनता वाढवून निर्माण होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेल्या प्रतिमेतील बिंदू कमी होतात. त्यामुळे नातेवाइकांकडून चित्रे मागवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगणे हितावह असते.

*निवेदन.* या प्रकारात आवाज हा कणा असतो आणि चित्रे त्याला धरून चालतात. म्हणून आधी संहिता लिहून ती मोठ्याने वाचावी, ध्वनिमुद्रण करावे आणि त्यानंतर चित्रे बसवावीत, हा क्रम सोयीचा ठरतो. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीच्या निदान दोन स्वतंत्र पट्ट्या असाव्यात: एक निवेदनासाठी आणि दुसरी संगीतासाठी किंवा पार्श्वध्वनीसाठी. निवेदन सुरू असताना संगीताचा आवाज कमी करता येणे आवश्यक आहे. ध्वनीची लहर कालरेषेवर दिसत असेल, तर शब्द कोठे संपतो आणि विराम कोठे आहे हे डोळ्यांनी पाहून चित्र बदलता येते. सॉफ्टवेअरमध्येच ध्वनिमुद्रण करता आले तर उत्तम. तथापि पंखा बंद केलेल्या खोलीत मोबाइल तोंडाजवळ धरून केलेले मुद्रणही पुष्कळदा पुरेसे होते.

देवनागरी मजकुराची कसोटी

मराठी कथेसाठी सॉफ्टवेअर निवडताना शीर्षके व उपशीर्षके यांची चाचणी अटळ आहे. देवनागरीत अक्षरे टंकित केलेल्या क्रमाने जशीच्या तशी मांडून चालत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टंकली जाते, पण व्यंजनाच्या आधी दिसावी लागते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि जोडाक्षरांत व्यंजनांचे आकार बदलतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये या मांडणीची व्यवस्था नाही, तेथे वेलांटी चुकीच्या जागी पडते, जोडाक्षर फुटते आणि मध्ये हलन्ताची खूण उघडी दिसते.

चाचणीसाठी क्षितिज, विद्यार्थी, वाङ्मय, उद्ध्वस्त हे शब्द उपयोगी पडतात. मराठीपुरती आणखी एक जोडी तपासावी: दर्या आणि दऱ्या. पहिला शब्द समुद्रवाचक आहे आणि त्यात रफार येतो. दुसरा शब्द दरीचे अनेकवचन आहे आणि त्यात अर्धा र वेगळ्या रूपात येतो. हिंदीत या दुसऱ्या रूपाची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी मजकूर नीट दाखवणाऱ्या टंकातही ते बिघडलेले आढळू शकते. ल आणि श या अक्षरांची मराठी वळणेही हिंदी वळणांपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयात मराठीसाठी प्रमाण वर्णलेखन ठरवून दिले आहे. शालेय प्रकल्पासाठी ही बाब लक्षात घ्यावी.

टंक युनिकोड असावा. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरांची ओळ दिसते. अडोबी प्रीमियर प्रो या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे बिघडतच असतील, तर शीर्षक दुसऱ्या ठिकाणी लिहून त्याचे चित्र तयार करावे आणि ते चित्र कथेत बसवावे. स्थिरचित्रांच्या कथेत हा उपाय सहज सामावतो. मात्र नंतर शुद्धलेखनाची एखादी चूक आढळली, तर चित्र पुन्हा तयार करावे लागते.

उपलब्ध सॉफ्टवेअरचे प्रकार

*मोबाइलवरील अ‍ॅप.* छायाचित्रे ज्या उपकरणात आहेत त्यातच संपादन करता येणे हा यांचा मोठा लाभ आहे. काइनमास्टरसारख्या अ‍ॅपमध्ये अनेक थर, स्वतंत्र कालावधी आणि ध्वनिमुद्रण या सोयी आहेत. मोफत आवृत्तीत चित्रफितीवर कंपनीची खूण उमटते किंवा काही सोयी बंद असतात, हे अनेक अ‍ॅपमध्ये आढळते. लहान पडद्यावर अचूक जागी चित्र बदलणे कष्टाचे असते. दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब कथेसाठी संगणक अधिक सोयीचा ठरतो.

*सोपी संगणकीय सॉफ्टवेअर.* अ‍ॅपलच्या संगणकांवर व मोबाइलवर आयमूव्ही मोफत मिळते. स्थिरचित्रावरील हालचाल आखण्याची त्याची पद्धत नवशिक्यास लवकर समजते. विंडोजवर क्लिपचॅम्प उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टने ते २०२१ मध्ये विकत घेतले आणि पुढे विंडोज ११ मध्ये समाविष्ट केले. पहिल्याच प्रयत्नात दोन-तीन मिनिटांची कथा पूर्ण करायची असेल, तर या गटापासून आरंभ करणे इष्ट असते.

*मुक्तस्रोत सॉफ्टवेअर.* ओपनशॉट, शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही तीन सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर विनामूल्य चालतात. चित्रफितीवर कोणतीही खूण उमटत नाही आणि वापराला मुदत नसते. ओपनशॉटची रचना तिन्हींत सोपी आहे. शॉटकटमध्ये अनेक चित्रांपासून एकदम चित्रमालिका तयार करता येते. केडेनलाइव्हमध्ये की-फ्रेमवरील नियंत्रण अधिक बारकाईचे आहे. शाळेच्या संगणककक्षात वेगवेगळ्या प्रणाली असतील, तर सर्व विद्यार्थ्यांना एकच सॉफ्टवेअर शिकवता येणे हा या गटाचा मोठा फायदा आहे.

*व्यावसायिक सॉफ्टवेअर.* डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्ती मोफत आहे आणि रंगसुधारणेत ते अग्रेसर मानले जाते. पिवळट पडलेल्या छायाचित्रांचे रंग सावरण्यास ते उपयोगी पडते. मात्र त्याला चांगली ग्राफिक्स क्षमता आणि भरपूर स्मृती असलेला संगणक लागतो. अडोबी प्रीमियर प्रो वर्गणी भरून वापरावे लागते. बारा छायाचित्रांच्या कथेसाठी यांतील बहुतेक सोयी अनावश्यक असतात आणि त्या शिकण्यात गेलेला वेळ संहितेच्या वाट्याचा असतो.

निवडीची पद्धत

जाहिरात किंवा परीक्षण वाचून निवड करण्याऐवजी छोटी चाचणी घेणे अधिक विश्वसनीय असते. त्यासाठी तीन चित्रे घ्यावीत: एक उभे, एक आडवे आणि एक स्कॅन केलेले जुने. सोबत अर्ध्या मिनिटाचे निवेदन आणि 'क्षितिजापारच्या दऱ्या' यासारखे, अवघड अक्षरे असलेले शीर्षक घ्यावे. मग पुढील गोष्टी पाहाव्यात.

• तिन्ही चित्रांना वेगवेगळा कालावधी देता येतो काय?
• जुन्या चित्रातील एका चेहऱ्यापासून संपूर्ण चित्राकडे सावकाश येता येते काय? हालचाल धक्के न बसता होते काय?
• आपोआप दिलेली हालचाल पूर्णपणे काढून टाकता येते काय?
• शीर्षकातील अक्षरे शुद्ध दिसतात काय? संपादनाच्या खिडकीत शुद्ध दिसलेली अक्षरे अंतिम चित्रफितीतही तशीच राहतात काय?
• निवेदनाखाली संगीताचा आवाज कमी करता येतो काय?
• तयार चित्रफीत १९२० × १०८० आकारात, कंपनीच्या खुणेशिवाय मिळते काय?
• इंटरनेट नसताना काम करता येते काय?

आयफोनची छायाचित्रे बहुधा एचईआयसी प्रकारात साठवली जातात आणि काही सॉफ्टवेअर तो प्रकार स्वीकारत नाही. अशी चित्रे आधी जेपीईजी प्रकारात बदलून घ्यावी लागतात. एवढी चाचणी तासाभरात होते. पंधरा दिवस काम केल्यावर अडचण कळण्यापेक्षा हा तास सत्कारणी लागतो.

प्रताधिकार आणि संमती

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ लागू आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती असते. छायाचित्रालयात काढलेल्या कौटुंबिक चित्रांच्या बाबतीत ही तरतूद महत्त्वाची आहे. चित्रपटगीते पार्श्वसंगीत म्हणून वापरून कथा प्रसिद्ध केल्यास हक्कभंग होऊ शकतो. संकेतस्थळेही अशा चित्रफितीचा ध्वनी बंद करू शकतात. सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या संगीताच्या अटी वाचून पाहाव्यात. कायद्याइतकीच संमतीही महत्त्वाची आहे. चित्रात दिसणाऱ्या हयात व्यक्तींना कथा आधी दाखवणे हा डिजिटल कथाकथनातील शिष्टाचार मानला जातो.

जतन

सॉफ्टवेअरचे आयुष्य कथेच्या आयुष्यापेक्षा कमी असते. २००० साली विंडोज मीसोबत आलेले मूव्ही मेकर कित्येक शाळांत संपादनाचे पहिले साधन होते. १० जानेवारी २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने ते देणे थांबवले. खास स्थिरचित्रांच्या कथांसाठी तयार केलेले फोटो स्टोरी ३ हे सॉफ्टवेअर २००४ मध्ये विंडोज एक्सपीसाठी आले होते. त्याचीही पुढे वाढ झाली नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ मोबाइल अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे संपादनाचे अ‍ॅपही होते.

सॉफ्टवेअर बंद झाले की त्याची प्रकल्प-फाइल बहुधा दुसरीकडे उघडत नाही. शिवाय पुष्कळ सॉफ्टवेअरच्या प्रकल्प-फाइलमध्ये चित्रे नसतातच. ती संगणकावर कोठे ठेवली आहेत याची केवळ नोंद असते. चित्रांची जागा बदलली किंवा पेन ड्राइव्हवर फक्त प्रकल्प-फाइल नेली, तर कालरेषेवर रिकाम्या चौकटी दिसतात. केडेनलाइव्हमध्ये सर्व साहित्य एकत्र बांधून ठेवण्याची सोय आहे. डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रकल्प त्याच्या स्वतःच्या संग्रहात राहतो आणि तो वेगळा बाहेर काढून ठेवावा लागतो.

यासाठी काम सुरू करण्यापूर्वीच एक फोल्डर करून त्यात मूळ चित्रे, निवेदनाचे संपूर्ण मुद्रण, संहिता आणि चित्रांची यादी ठेवावी. यादीत प्रत्येक चित्रातील व्यक्ती, स्थळ आणि अंदाजे वर्ष यांची नोंद असावी. काम पूर्ण झाल्यावर एमपी४ प्रकारातील अंतिम चित्रफीतही त्यातच ठेवावी आणि संपूर्ण फोल्डरची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी सांभाळावी. हे साहित्य जवळ असल्यास कथा कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभी करता येते. चित्रातील माणसे कोण, हे सांगणारी पिढी गेल्यावर मात्र यादीतील नावे कोणत्याही सॉफ्टवेअरमधून परत मिळत नाहीत. म्हणूनच ज्या सॉफ्टवेअरमधून चित्रे, आवाज आणि तयार चित्रफीत विनासायास बाहेर काढता येतात, ते अधिक सोयी असलेल्या पण साहित्य अडकवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा या कामासाठी श्रेयस्कर ठरते.

हेही पाहा

• चित्रकथी
• शांबरिक खरोलिका
• माहितीपट
• मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
• युनिकोड